आजीच्या खोलीतला पॅरलल

परवा रात्री बाबांचा फोन आला. पुसदच्या घरी आता फायबर येतंय. बसवायला आलेल्या मुलानं विचारलं होतं, "काका, ही जुनी टेलिफोनची वायर काढून टाकू का? नुसती लोंबते." बाबांनी त्याला उद्या ये म्हणून सांगितलं आणि मला फोन लावला. "तू हात घातला होतास ना तिच्यात, म्हणून म्हटलं विचारून घ्यावं."

हात घातला होता हे खरं. मे 2009 मध्ये. तेव्हा मी स्वतःला फार मोठा इंजिनिअर समजत होतो, म्हणून ती गोष्ट सांगतो.

तर झालं असं. ताई लग्न होऊन न्यू जर्सीला गेली, तिकडे भाचा झाला, आणि त्याला बघायला म्हणून आमच्या घरी ब्रॉडबँड आलं. 2 एमबीपीएस! 2004 च्या सरकारी धोरणात 256 केबीपीएसलाच ब्रॉडबँड म्हटलं होतं, त्या मानानं ही चैनच. रविवारी सकाळी स्काईप लागायचं, आई-बाबा कॉम्प्युटरसमोर खुर्च्या टाकून बसायचे. आणि पाच-दहा मिनिटांत मोडेमवरचा डीएसएलचा दिवा लुकलुकायला लागायचा. भाचा तोंड उघडं ठेवून तिथंच थिजायचा. कूलर लावला की हमखास. आणि मे महिन्यात विदर्भात कूलर लावू नका असं कोणाला सांगणार?

लाईनमन दोनदा येऊन गेला. बाहेरच्या डबीवर तपासून म्हणाला, "लाईन ओके आहे साहेब." बाबांना वाटलं टोलवतोय. पुण्याहून रात्रभर ट्रॅव्हल्सनं येताना मलाही तेच वाटलं.

शनिवारी सकाळी मी पक्कड आणि टेस्टर घेऊन स्टुलावर चढलो. आमच्याकडे फोन आला 1994 साली, नंबर लावून बरीच वर्षं वाट पाहिल्यावर. पहिला पॉइंट ओसरीत. मग बाबांनी स्वतः वायर आणून पॅरलल काढले. एक मधल्या खोलीत. एक मागे आजीच्या खोलीत, कारण तिला गुडघ्यांमुळे ओसरीपर्यंत येववत नव्हतं. एक वर गच्चीवरच्या खोलीत, माझ्या डायल-अपसाठी. जिथं फाटा काढायचा तिथं वायर सोलायची, पीळ द्यायचा, वर काळी टेप. पंधरा वर्षांत टेप सुटली होती, तांबं हिरवं पडलं होतं. आजीच्या खोलीकडे जाणारी वायर न्हाणीच्या भिंतीवरून आणि कूलरच्या प्लगला खेटून गेली होती.

साध्या बोलण्याला हे सगळं चालतं. आवाज 4 किलोहर्ट्झच्या आतच असतो. एडीएसएल त्याच दोन तारांवरून, पण साधारण 25 किलोहर्ट्झपासून पुढे 1.1 मेगाहर्ट्झपर्यंत जातं, आणि एडीएसएल टू प्लस 2.2 पर्यंत. तिथं प्रत्येक फाटा नडतो. सिग्नल फाट्यात शिरतो, टोकाला आपटून परत येतो आणि मागून येणाऱ्या सिग्नलशी भांडतो. रस्त्यावरच्या केबलमध्ये दोन तारांना एकमेकींभोवती पीळ असतो, त्यामुळे बाहेरचा गोंगाट बराचसा कटतो. बाबांनी आणलेली वायर चपटी, बिनपिळाची, म्हणजे थोडक्यात अँटेनाच. आकाशवाणीचं नागपूर केंद्र 585 किलोहर्ट्झवर लागायचं, म्हणजे आजीचा रेडिओ आणि आमचं ब्रॉडबँड एकाच गल्लीतले शेजारी!

मोडेमचं पान उघडलं: 192.168.1.1. त्यात एसएनआर मार्जिन नावाचा आकडा असतो. सिग्नल गोंगाटाच्या किती वर आहे आणि किती गुंजाइश शिल्लक आहे, ते तो सांगतो. 6 डेसिबलच्या खाली गेला की लाईन डळमळते. कॉम्प्युटरच्या टेबलावर आकडा होता 7. कूलर लावला, 3. मग मोडेम उचलून ओसरीत नेला, बाकी सगळे फाटे सोडवले आणि थेट पहिल्या पॉइंटला जोडला. 17! कूलर चालू, तरी 17. लाईनमन बरोबर होता. बिघाड आमच्याच घरात होता.

पुढे मी काय केलं? कोणालाही न विचारता तिन्ही पॅरलल कापले. कॉम्प्युटर ओसरीत आणला. बाबांनी पाहिलं, काही बोलले नाहीत. रविवारी सकाळी भाचा पाऊण तास न थिजता खिदळला. मी कॉलर ताठ.

संध्याकाळी सहाला फोन वाजला. आजीचे भाऊ, उमरखेडचे मामाआजोबा, दर रविवारी सहाला फोन करायचे. आजी 2006 मध्ये गेली, पण त्यांचा फोन काही थांबला नाही. तो आई घ्यायची, आजीच्याच खोलीत, आजीच्याच पलंगावर बसून. सवयीनं ती तिकडे गेली, रिसीव्हर उचलला, "हॅलो, हॅलो" म्हणाली. ओसरीत येईपर्यंत रिंग थांबली होती.

"त्या खोलीतला फोन बंद पडला का रे?"

"कापला मी तो. नेटला त्रास होत होता."

"काहून? विचारायचं तरी ना बाप्पा."

एवढंच म्हणाली. मग ओसरीत उभ्यानंच तिनं उमरखेडला फोन लावला. एरवी अर्धा तास चालायचं ते बोलणं दोन मिनिटांत संपलं.

रात्री गच्चीवर झोप येईना. मोडेमबरोबर एक पांढरी डबी फुकट मिळते, स्प्लिटर. तिला तीन भोकं: लाईन, फोन, मोडेम. ती उंच आणि खालचा असे दोन्ही पट्टे वेगळे करते. आमच्याकडे ती मोडेमशेजारी, टेबलावर लावली होती. पण तोवर वायरीला तीन फाटे फुटून गेलेले! गाळणी नळाच्या तोंडाला लावायची, ती आम्ही शेवटच्या पेल्याला लावली होती. स्प्लिटर ओसरीत, वायर घरात शिरते तिथंच लावला, तर सगळे पॅरलल त्याच्या फोनच्या बाजूला जातात. तिकडे फक्त आवाज जातो. मग त्या बाजूला फाटे तीन असोत की तेरा, ब्रॉडबँडला फरक पडत नाही. मला कापायची गरजच नव्हती.

सोमवारी सकाळी कॉम्प्युटरच्या दुकानातून 12 मीटर कॅट फाईव्ह केबल आणली आणि तिची एक पिळाची जोडी स्प्लिटरपासून कॉम्प्युटरच्या जुन्या जागेपर्यंत नेली, कूलरपासून लांबून. जुने फाटे पुन्हा जोडले, या वेळी हिरवं तांबं कापून, टेपऐवजी स्क्रूच्या डब्या बसवून. आजीच्या खोलीचा जोड करताना उघड्या तारा माझ्या बोटांत होत्या आणि नेमका फोन वाजला. लाईनवर एरवी 48 व्होल्ट असतात, ते जाणवतही नाहीत. रिंगला मात्र 75 च्या आसपास एसी येतो. मी स्टुलावरून जवळजवळ खालीच. फोन ताईचा होता :)

मार्जिन 16. कूलर लावून 16. आई आजीच्या खोलीत गेली, रिसीव्हर कानाला लावला, डायलटोन ऐकला आणि ठेवून दिला. मला चहा मिळाला.

तेव्हापासून एक पथ्य पाळतो. आधी सगळं सोडवून पहिल्या पॉइंटवर मोजायचं, मग एकेक गोष्ट परत जोडून पुन्हा मोजायचं. आणि कापायच्या आधी, ते कोण वापरतं हे विचारायचं. ऑफिसमध्ये जुना कोड काढतानाही हेच. 'हे कोणी वापरत नसेल' असं वाटलं की मला रविवारचे सहा आठवतात.

असो. परवा बाबांना म्हटलं, बाहेरून ओसरीपर्यंत येणारी वायर खुशाल काढू द्या. आतली नको. फायबरच्या नव्या डबीला मागे फोनचं एक भोक असतं. आतल्या वायरीचं टोक त्याला जोडून मागा. मामाआजोबा आता नाहीत, रविवारी सहाला कोणी फोन करत नाही. पण वायर आहे, फोन आहे, जोडायला काय जातं?

काल संध्याकाळी मी इथून लँडलाइनचा नंबर फिरवला. चार-पाच रिंग झाल्या. आईनं उचलला.

"कुठून बोलतेस?"

"मागच्या खोलीतून. आजीच्या."

"उभी आहेस का?"

"नाही रे, बसले आहे. बोल."