खर्ज सांभाळणाऱ्या छकुलीस



परवा फोनवर तू रडवेली झाली होतीस. नगरमध्ये ट्यूबा, म्हणजे आपला बेस, शिकवणारा एकही माणूस सापडत नाही, शाळेच्या बँडच्या सरांना कॉर्नेट येतं पण बेस येत नाही, आणि तुझे बाबा म्हणतात आधी बारावी कर, मग बघू. ‘आत्या, मुंबईला गेल्याशिवाय माझं काही होणार नाही,’ असं म्हणालीस. असल्या गोष्टी फोनवर धड बोलता येत नाहीत, म्हणून हे पत्र. आणि ते उघड छापायला देते आहे, कारण तुझ्यासारखी मुलं जिल्ह्यात आणखीही असणार. श्रीरामपूरला, संगमनेरला, राहात्याला, शाळेच्या नाहीतर काकाच्या बँडमध्ये, सगळ्यांत मोठं वाद्य अंगावर घेऊन सगळ्यांत मागे उभी असलेली.

मला काय म्हणायचंय ते आधीच सांगून टाकते. ट्यूबाचा मास्तर नगरमध्ये नसेल, पण ट्यूबाची विद्या नगरमध्ये आहे. फक्त ती एका जागी नाही. थोडी चर्चच्या क्वायरमध्ये आहे, थोडी भिंगारच्या लष्करात, थोडी तुझ्या बाबांच्या वरातीच्या बँडमध्ये आणि थोडी, तुला नवल वाटेल, तानपुऱ्यात. ही चार घरं एकमेकांकडे फारशी येत-जात नाहीत. तू चारही घरी जा. मुंबई कुठे पळून जात नाही.

तानपुऱ्यापासूनच सुरू करते. एकही खटका (व्हॉल्व्ह) न दाबता, नुसते ओठ आवळत गेलं की तुझ्या वाद्यातून कोणते सूर निघतात ते आठव. तळाचा सा, मग त्याच्या वरचा सा, मग प, पुन्हा सा, मग ग, प, मग कोमल निषादासारखा पण त्याहून उतरलेला एक अवघड सूर, आणि परत सा. ही रांग वाद्य बनवणाऱ्या कारागिराने ठरवलेली नाही. ती नळीतल्या हवेच्या कंपनातच आहे. तानपुऱ्याच्या तारेतही हीच रांग असते. तानपुऱ्याला गंधाराची तार नसते, तरी तो नीट जुळला की गंधार ऐकू येतो. गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. तुझ्या वाद्यातला गंधारही तोच, रांगेतला पाचवा. पेटीच्या गंधारापेक्षा तो किंचित खाली असतो. पेटीशी जुळवून पाहिलास तर उतरलेला वाटेल, तानपुऱ्याशी जुळवून पाहिलास तर जागेवर बसेल. सुरात वाजवणं म्हणजे काय, हे तुला यातून जेवढं कळेल तेवढं कुठल्याही पुस्तकातून कळणार नाही. मोबाइलवरचा तानपुरा चालेल, पण कुणाकडे खरा तानपुरा असेल तर तासभर त्याच्याजवळ बसून ये. तुझा बेस काळी दोनचा आहे, तेव्हा काळी दोनलाच लावून घे आणि एकेक सूर लांब धर. घाई करू नको.

आता खटक्यांचं. पहिला खटका सूर दोन अर्धस्वरांनी उतरवतो, दुसरा एकाने, तिसरा तिनाने. पहिला आणि तिसरा एकत्र दाबलेस की सूर चढा लागतो आणि सर तुझ्यावर ओरडतात. दोष तुझा नाही. तिसऱ्या खटक्याची जादा नळी मोकळ्या नळीच्या मापाने कापलेली असते. पहिला खटका दाबल्यावर मूळ नळीच लांब झालेली असते, तिला आता आणखी मोठा तुकडा हवा असतो आणि तो मिळत नाही. कॉर्नेटमध्येही हे होतं, पण काळी दोनच्या बेसची नळी उलगडली तर सुमारे तेरा फूट भरते आणि काळी पाचच्या मोठ्या बेसची अठरा, त्यामुळे आपल्याकडे कमी पडणारा तुकडाही मोठा असतो. १८७४ मध्ये डेव्हिड ब्लेकली या इंग्रज माणसाने यावर उपाय काढला. दोन खटके एकत्र दाबले की हवा कमी पडणाऱ्या लांबीच्या छोट्या नळ्यांतून फिरून येईल, अशी ती रचना. चौथा खटका असला तरी बरंच काम होतं. तुमच्या शाळेतल्या तीन खटक्यांच्या बेसला यातलं काही नाही. तेव्हा ते काम तुझ्या कानाला आणि डाव्या हाताला करावं लागेल. तो सूर यायच्या आधी स्लाइड, म्हणजे खटक्याची ओढता येणारी नळी, बोटभर ओढायची आणि सूर झाला की परत आत सारायची. हे हाताला सवयीचं होईपर्यंत दुसरं काही शिकू नको, असंही मी म्हणेन.

आणि मे महिन्यात सगळाच बँड चढतो, हे लक्षात असू दे. हवा तापली की नळीतला सूर वर जातो. डिसेंबरच्या पहाटे जुळवलेलं वाद्य लग्नसराईच्या भर दुपारी तिथे राहत नाही. पेटी मात्र जवळपास जागेवर राहते, म्हणून दोघांचं जमत नाही. बाबा वरातीआधी सगळ्यांना सावलीत पाच मिनिटं नुसतं फुंकायला लावतात ते यासाठी. त्यांनी कधी कारण सांगितलं नसेल, पण त्यांना ते ठाऊक आहे.

दुसरं घर चर्चचं. तू म्हणतेस क्वायरमध्ये मुलींनी वरच्या पट्टीत गायचं असतं, तिथे बेसचं काय काम? अगं, तिथेच तर काम आहे. बाबांच्या बँडमध्ये सगळे चालच वाजवतात. ट्रम्पेट चाल वाजवतं, क्लॅरिनेट चाल वाजवतं, युफोनियमही चालच वाजवतं, आणि बेसवाल्याने ढोलाबरोबर सा धरायचा. आपलं संगीत चालीवर उभं आहे, त्यात कमीपणा काही नाही. पण तुझ्या वाद्याला स्वतःची वेगळी ओळ असते, हे तिथे कानावर पडत नाही. ते चर्चमध्ये पडतं. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये नगरला ठाणं मांडलं, आणि पुढे या गावात दोन तऱ्हांचं गाणं शेजारी शेजारी नांदू लागलं. एक चार आवाजांत गायचं इंग्रजी धाटणीचं गीत. दुसरं कृष्णाजी रत्नाजी सांगळे आणि नारायण वामन टिळक यांच्यासारख्या मंडळींनी रुजवलेलं ख्रिस्ती कीर्तन, भजन, अभंग. इतक्या लहान वयात हे दोन्ही कानावर पडणारी मुलं जगात फार नसतील. या रविवारपासून खर्जात गाणाऱ्या काकांच्या शेजारी उभी राहा आणि त्यांची ओळ तुझ्या आवाजात, एक सप्तक वर गा. चाल कुठे जाते ते ऐक, आणि त्या वेळी खालचा सूर कुठे जातो तेही ऐक. कधी दोघे बरोबर चढतात, कधी चाल चढते आणि खर्ज उतरतो. तो उतरला की अख्ख्या गाण्याचा रंग बदलतो. मग घरी येऊन ती ओळ वाजव. गाता आली तरच वाजव, नाहीतर पुन्हा गा.

तुझा जन्म बूथ हॉस्पिटलातला. ते ज्या साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती संस्थेचं, तिचं आणि पितळी वाद्यांचं नातं फार जुनं. १८७८ मध्ये इंग्लंडमधल्या सॉल्झबरी गावात चार्ल्स फ्राय नावाचा बांधकाम व्यावसायिक आणि त्याचे तीन मुलगे रस्त्यावरच्या प्रार्थनासभांना गुंडांपासून राखायला म्हणून उभे राहिले, येताना वाद्यं घेऊन आले, आणि तिथून साल्व्हेशन आर्मीचे बँड सुरू झाले. चारच वर्षांनी, सप्टेंबर १८८२ मध्ये, फ्रेडरिक टकर या संस्थेचं काम घेऊन मुंबईत उतरले. वाजतगाजत मिरवणुका काढल्या म्हणून त्यांना अटकही झाली. या इंग्रजी पद्धतीच्या बँडमध्ये एक सोय असते. बेसचं नोटेशनही कॉर्नेटसारखंच वरच्या सुरावलीच्या चिन्हात लिहितात, म्हणजे कॉर्नेटवाल्याने उद्या बेस उचलला तरी तीच बोटं चालतात. तुला सरांनी शिकवलंय ते हेच. पण लष्करी बँडमध्ये आणि ऑर्केस्ट्रात बेस खालच्या चिन्हात आणि खऱ्या सुरात लिहिलेला असतो. तुला दोन्ही वाचता यायला हवं. हे पाठांतराचं काम आहे, रोज थोडं केलंस की होऊन जातं.

याच साल्व्हेशन आर्मीच्या बँडमध्ये वाढलेला एक माणूस होता, फिलिप कॅटलिनेट. पुढे तो लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रात ट्यूबा वाजवायचा. राल्फ व्हॉन विल्यम्स यांनी एक्क्याऐंशीव्या वर्षी ट्यूबासाठी कॉन्चेर्टो लिहिला, म्हणजे एका बाजूला अख्खा ऑर्केस्ट्रा आणि पुढे एकटा ट्यूबा. १३ जून १९५४ रोजी तो पहिल्यांदा वाजवला कॅटलिनेटनेच. त्याचा मधला संथ भाग ऐक. जे वाद्य लोकांना नुसतं घुमणारं वाटतं ते तिथे गातं. मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा तुझे बाबा शेजारी होते, आणि संपल्यावर बराच वेळ ते काही बोलले नाहीत.

तिसरं घर लष्कराचं. आर्मर्ड कोअर सेंटर आणि मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर या दोन्ही संस्था नगरला आहेत, आणि परेडचा बँड ऐकायची संधी भिंगारकरांना मिळते. मिळेल तेव्हा सोडू नको. तुझं वाद्य मुळात लष्कराचंच आहे. १२ सप्टेंबर १८३५ रोजी विल्हेल्म वीप्रेख्त आणि योहान मोरित्झ यांनी बर्लिनमध्ये त्याचं पेटंट घेतलं. पहिला ट्यूबा पांढरी चारचा होता, पाच खटक्यांचा. मोकळ्या मैदानात चालणाऱ्या बँडला भक्कम खर्ज हवा होता, म्हणून तो घडला. लष्कराच्या वादकांचं शिक्षण पचमढीला होतं, आणि निवृत्त बँडवाले आपल्या गावांत भेटतात. त्यांच्यातल्या एखाद्याला बाबांकरवी गाठ. आणि हे आता मुलींनाही खुलं होत चाललंय. वायुदलाने अग्निवीरवायू संगीतकारांची भरती काढली तेव्हा अविवाहित मुलगे आणि मुली दोघांनाही बोलावलं होतं. वाद्य जुळवता येणं, ऐकलेला अनोळखी सूर ओळखून वाजवणं, कुठल्या तरी एका लिपीतलं नोटेशन वाचता येणं, असल्या गोष्टी तिथे बघतात. नोकरी चार वर्षांची, हे मात्र बाबांना आधी सांग.

मुलीला एवढं मोठं वाद्य कशाला, असं तुला कुणीतरी म्हणालं, ते माझ्या डोक्यातून जात नाही. कॅरल जान्श ही मुलगी विद्यापीठातून पदवी घेऊन बाहेर पडायच्या आतच, २००६ मध्ये, फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्राची मुख्य ट्यूबावादक म्हणून निवडली गेली. अमेरिकेतल्या मोठ्या ऑर्केस्ट्रांत ती जागा त्याआधी कुठल्याही बाईला मिळाली नव्हती. आणि छाती लहान, दम पुरत नाही वगैरे जे तू म्हणतेस, त्यावर आर्नल्ड जेकब्झची गोष्ट. १९४४ ते १९८८ इतकी वर्षं शिकागो सिम्फनीत ट्यूबा वाजवला त्यांनी. फुप्फुसांची क्षमता कमी होती, वर दमा. त्यांच्याकडे जगभरातून लोक श्वास शिकायला यायचे. त्यांचं सांगणं थोडक्यात असं, की डोक्यात गाणं पक्कं ठेवा आणि वारा मोकळा सोडा, स्नायूंचा विचार करत बसू नका. दम साठवून धरायचा नसतो गं, तो घ्यायचा आणि लगेच द्यायचा.

चौथं घर, बाबांच्या बँडचं, शेवटी लिहितेय, कारण त्याबद्दल तुझ्या बोलण्यात थोडी लाज डोकावली आणि मला ते लागलं. मेरठहून आलेली, पोचे पडलेली वाद्यं, उसवलेला युनिफॉर्म, सुपारी मिळाली तर मिळाली. पंगतीत त्यांना सगळ्यांच्या मागून बसवतात, हेही तू पाहिलंयस. तो अपमान यजमानांचा आहे, वाजवणाऱ्यांचा नाही. आता तर डीजेच्या भिंती आल्या, आणि ज्या मिरवणुकीत पूर्वी चार बँड असत तिथे एकही दिसत नाही. तरीही तुझ्या बाबांना आज ऐकलेलं गाणं उद्याच्या वरातीत वाजवता येतं, कागदाशिवाय. चालत, खड्डे चुकवत, वर बघत, ताल न सोडता. माळीवाड्यापासून दिल्ली दरवाजापर्यंत वाजवत गेल्यावरही त्यांचा सूर पडत नाही. हे कुठल्याही परीक्षेत विचारत नाहीत, आणि परीक्षा दिलेल्या पुष्कळांना येत नाही. काही बँडमध्ये सोझाफोन, म्हणजे अंगाभोवती घ्यायचा बेस, नुसता शोभेला मिरवतात, तुला ठाऊक आहे. तू मिरवायची नाहीस, वाजवायचीस. सुट्टीत बाबांबरोबर जा, ढोलवाल्याच्या शेजारी उभी राहा आणि त्याच्या हाताकडे बघ. सा धरून ठेवायच्या ऐवजी जिथे चाल मागेल तिथे प, म, कधी ध. दोघं-तिघं वळून बघतील. बँडमास्तर रागावले तर माझं नाव सांग.

एवढं सगळं झालं की मुंबई. एनसीपीएमध्ये २००६ पासून सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे. त्यांचा कार्यक्रम असेल तेव्हा आपण दोघी जाऊ, नगर-मुंबई गाडीचं तिकीट माझ्याकडे लागलं. ऑर्केस्ट्रात ट्यूबा बहुधा एकच असतो, मागच्या रांगेत ट्रॉम्बोनच्या शेजारी. तो पन्नास-पन्नास बार नुसता मोजत बसतो आणि मग एकदम येतो. मोजणं कसं करतो ते बघ. आणि परीक्षा द्यायची झाली तर ट्रिनिटीच्या संगीताच्या परीक्षांत ट्यूबा आहे, त्यांची पुस्तकं मागवून ठेवते.

तोवर एवढं एक कर. तिसऱ्या खटक्याची स्लाइड अडकलीय म्हणालीस, तर पक्कड लावू नको आणि ठोकूही नको. सांध्यावर तेलाचे चार थेंब सोड, रात्रभर राहू दे, सकाळी बाबांना नॅपकिन गुंडाळून हळू ओढायला सांग. निघाली की मला लगेच फोन कर.

तुझी,
आत्या