कवेत मावेल तेवढं झाड

हॅमॉकचा पट्टा किती लांब घ्यावा, असं कुणी विचारलं की मी आधी उलट विचारतो, बांधणार कुठे? कोकणातल्या सुपारीच्या वाडीत सहा फुटी पट्टा पुरून उरतो. भोर आणि वेल्ह्यात तो पिशवीतच राहतो. (वेल्ह्याला आता सरकारदरबारी राजगड तालुका म्हणतात, एसटीच्या थांब्यावर मात्र अजून वेल्हंच चालतं.)

कारण इथली झाडं. डोंगरउतारावरचे ऐन, किंजळ पिढ्यानपिढ्या राबासाठी छाटले गेलेत. भाताचं रोप टाकायच्या आधी वाफ्यावर फांद्या-पाला अंथरून भाजायचा, त्यासाठी दरवर्षी झाडावर कोयता चालतो. त्यामुळे उतारावर उभी असतात ती मनगटाएवढी किंवा मांडीएवढी, वेडीवाकडी, बुंध्यातून तीन-चार फुटवे निघालेली झाडं. खाली ओढ्याकाठी आणि गावाजवळ एकदम दुसरं टोक: म्हातारे आंबे, जांभळी, उंबर, वड. हॅमॉकवाल्याला हवा असतो तो मधला, सरळ, फूटभर जाडीचा बुंधा इथे कमीच सापडतो. एका टोकाला जांभूळ आणि दुसऱ्या टोकाला किंजळाचा फुटवा, अशी जोडी जमवावी लागते. बाजारात मिळणारी दहा-दहा फुटांची सारखी पट्टेजोडी अशा जोडीला धड बसत नाही.

हिशेब अवघड नाही. हॅमॉकचं कापड अकरा फुटी धरा. नीट झोळ देऊन टांगलं की त्याच्या दोन टोकांतलं अंतर साधारण नऊ फूट राहतं. दोन झाडांत चौदा फूट असतील तर उरले पाच, म्हणजे प्रत्येक बाजूला अडीच. पट्टा तिरका चढतो म्हणून तीन धरा. त्यात बुंध्याचा घेर मिळवा आणि फास-कॅराबिनरसाठी अर्धा फूट. बुंधा सव्वा फूट जाड असेल तर घेर चार फूट, एकूण साडेसात. दहा फुटी पट्टा इथे आरामात पुरतो. आता तीन फूट जाडीचा आंबा घ्या. घेरच साडेनऊ फुटांच्या आसपास गेला. तीन आणि अर्धा मिळवून झाले तेरा. दहा फुटी पट्टा आंब्याला वेढा घालून जेमतेम स्वतःलाच भेटतो.

जंगलात टेप कोण काढतं? माझं माप कवेचं आहे. बुंध्याला मिठी मारायची. दोन्ही हातांची बोटं एकमेकांना लागली तर घेर पाच फुटांच्या आत-बाहेर, दहा फुटी पट्ट्यात काम झालं. बोटं लागत नसतील तर जोडपट्टा काढायचा. आणि मिठीत निम्मंच झाड येत असेल तर पुढे चालू लागायचं. या मापाचा आणखी एक फायदा आहे. मिठी मारताना नाक सालीला लागतं, तेव्हा ओंबील चढताना दिसतात, साल पोकळ वाजते की भरीव ते कळतं, आणि मान आपोआप वर जाते. वर वाळकी फांदी किंवा आग्या मोहोळ असेल तर पट्ट्याच्या लांबीचा प्रश्नच मिटला.

लांब पट्टा असला म्हणजे कितीही दूरची झाडं चालतील, हा समज मात्र खोटा आहे. चौदा फुटांवरच्या झाडांना पट्टा सहा फूट उंचीवर बांधला की बसायची जागा खुर्चीच्या उंचीला येते. सोळा फुटांना साडेसहा फूट उंची लागते. वीस फुटांना पावणेआठ. तिथे हात पोचत नाही. मग माणसं पट्टा खाली बांधतात आणि जमीन टेकू नये म्हणून करकचून ताणतात. इथेच घोटाळा होतो. पट्टा आडव्या रेषेशी 30 अंशांत उतरत असेल तर सत्तर किलोच्या माणसाचा प्रत्येक झाडावर सत्तर किलोचाच ताण येतो. तोच कोन 10 अंशांवर आणला की ताण दोनशे किलोंवर जातो. भोरजवळ अंबवड्याला संस्थानकाळातला झुलता पूल आहे. असल्या पुलांच्या दोरांना झोळ मुद्दाम दिलेला असतो, तो याच गणितापायी. कोन पाहायला तर्जनी आडवी धरून अंगठा काटकोनात वर ताणायचा. दोन टोकांना जोडणारी रेषा साधारण 30 अंशांची असते. आपल्या बायका हे कोणाकडून शिकल्या नाहीत. आवणीच्या दिवसांत बांधावरच्या झाडाला लुगड्याची झोळी बांधून पोर निजवणारी आई ती कधी ताणून बांधत नाही. ताणलं की पोर घरंगळतं आणि फांदी कुरकुरते.

पट्ट्याच्या रुंदीबद्दल मी हट्टी आहे. एक इंचाहून कमी नको, दोन इंची असेल तर उत्तम, आणि पॉलिएस्टरचा. नायलॉन भिजला की ताणतो. वेल्ह्याच्या पावसाळी धुक्यात रात्री गुडघ्याएवढ्या उंचीवर निजलेला माणूस पहाटे गवताला टेकतो. बारीक दोरी तर नकोच. बुंध्याभोवतीची साल गोल काढली की झाड उभ्या उभ्या वाळतं, हे इथल्या प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे, कारण पानांनी केलेलं अन्न मुळांकडे नेणारा थर सालीतच असतो. दोनशे किलोंनी ओढलेली सुतळीएवढी दोरी कोवळ्या सालीला तेच करू पाहते.

तेव्हा माझा सल्ला असा: दहा फुटी दोन पट्टे आणि सहा फुटी एक जोडपट्टा. बारीक फुटव्याला उरलेला पट्टा दोन-तीन वेढे घालून संपवता येतो, आखूड पट्टा वाढवता येत नाही. पंधरा फुटी जोडी घेऊन हिंडणारेही आहेत. मला ते नुसतं ओझं वाटतं. रायरेश्वराच्या पठारावर मोकळं गवत आणि वारा, तोरण्याच्या माथ्यावर बांधण्याजोगं झाड शोधावं लागेल. तिथे कितीही लांब पट्टा नेला तरी निजायचं जमिनीवरच.

राहिल्या देवराया. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी 1970च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हापासून त्यांच्यावर बरंच लिहिलं गेलंय. सरळ उंच बुंधे, दाट सावली, हॅमॉकला हवं ते सगळं तिथे असतं. तरी तिथे पट्टा बांधू नका. ज्या झाडाची वाळकी काटकीही गावकरी घरी नेत नाहीत, त्याला आपण लोंबकळू नये. वनखात्याच्या हद्दीत आधी परवानगी काढा, आणि बांधावरच्या आंब्याला हात लावण्याआधी मालकाला विचारा. आपला मोसम आणि त्याच्या मोहोराचा मोसम एकच असतो.