सत्तर मैलांवरचा डग्गा

मोटरसायकलवर गाणी ऐकणं ही चैनच. पण विस्कॉन्सिनमध्ये मिसिसिपीच्या काठाकाठाने दिवसभर गाडी चालवायची, तर मला भीमसेन जोशींचे अभंग सोबतीला लागतात. माझी गाडी 2014 ची हार्ले स्ट्रीट ग्लाइड. हँडलपुढच्या फेअरिंगमध्ये दोन स्पीकर. गावातून जाताना आवाज झकास. मोठ्या हायवेवर काटा 70 मैलांवर गेला, की आधी डग्गा गायब, मग तंबोरा. उरतात ते नुसते टाळ.

यात दोष स्पीकरपेक्षा वाऱ्याचा. हेल्मेटभोवती घोंगावणारा वारा मुख्यतः खर्जाचा असतो, म्हणून तो खर्जच आधी गिळतो. त्यावर दुकानदार वॅट वाढवायला सांगतात. पण 25 वॅटचे 150 केले, तरी आवाज वाढतो जेमतेम 8 डेसिबल. कानाला दुप्पट वाटायला साधारण 10 लागतात. उलट, तेवढ्याच वॅटमध्ये 3 डेसिबल जास्त देणारा स्पीकर घेतला, तर अँपची ताकद दुप्पट केल्यासारखंच. म्हणून मी आधी स्पीकर निवडले, साडेसहा इंची, आणि मग अँप.

काम घरच्या गॅरेजमध्येच केलं. मदतीला शेजारी, निवृत्त इलेक्ट्रिशियन. त्यांचं पहिलं वाक्य, "आधी बॅटरीची निगेटिव्ह सोड." काच काढली, टॉर्क्स स्क्रू सोडवले, हेडलाइटचा कनेक्टर ओढला आणि फेअरिंगचं बाहेरचं कवच हातात आलं. पुढच्या मडगार्डवर आधीच जाडसर टॉवेल अंथरला होता, रंगाला ओरखडा नको म्हणून.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो वायरिंगने. अँप ऐन भरात 25 अँपिअरच्या आसपास करंट ओढतो, त्यामुळे रेडिओच्या बारीक वायरीवर त्याची बोळवण करून चालत नाही. बॅटरीपासून टाकीखालून स्वतंत्र जाड वायर ओढली आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ बसवला. मध्ये कुठे वायर घासून सोलली आणि शॉर्ट झाली, तर आग लागायच्या आत फ्यूज उडायला हवा. या गाडीचं फेअरिंग हँडलबरोबर वळतं. म्हणून मानेपाशी वायरीला ढील ठेवली आणि हँडल दोन्ही टोकांना वळवून ती कुठे ताणली जात नाही ना, हे पाहिलं.

स्पीकर बसवण्याआधी शेजाऱ्यांनी खिशातून पेन्सिल सेल काढला. स्पीकरच्या दोन टोकांना तो क्षणभर टेकवला. टक् असा आवाज झाला आणि कोन बाहेर आला. प्लस बरोबर! एका स्पीकरची वायर उलटी लागली, तर एक कोन बाहेर येताना दुसरा आत जातो आणि खर्ज आपापसातच कटतो. स्पीकरच्या कडेला फोमची पट्टी लावली, तीही याच कारणासाठी. फटीतून मागचा आवाज पुढे आला की खर्ज पुन्हा मार खातो.

सगळं जोडल्यावर इक्वलायझर. 80 हर्ट्झच्या खालचा भाग फिल्टरने कापला. खर्ज हवा म्हणून एवढा खटाटोप आणि खर्जच कापायचा, हे विचित्र वाटेल. पण एवढ्याशा स्पीकरला तो झेपत नाही. उगाच कोन हलतो आणि आवाज फाटतो. तो भार उतरल्यावर वरचा सगळा भाग मोकळा झाला.

आता 70 मैलांवर डग्गा ऐकू येतो. मैफिलीतला नव्हे, पण ठेका कळतो आणि शब्द स्वच्छ येतात. त्यापलीकडे हट्ट धरू नये. त्या वेगाला नुसता वाराच 100 डेसिबलच्या घरात असतो. त्यावर मात करायला आवाज चढवत गेलात, तर कान कायमचे जातील. लांबच्या प्रवासात इअरप्लग घाला, मागून येणाऱ्या अँब्युलन्सचा सायरन ऐकू येईल एवढाच आवाज ठेवा, आणि पैसे मोजताना वॅटच्या आकड्याआधी वायर, फ्यूज आणि फोमच्या पट्टीकडे बघा.