साठ ते सत्तर

नोकरीचा शेवटचा दिवस आला म्हणजे निरोपसमारंभ होतो आणि भविष्यनिर्वाह निधीचा व ग्रॅच्युइटीचा हिशेब हाती पडतो. त्या हिशेबात एक गोष्ट मात्र सहसा लिहिलेली नसते. कारखान्याने वा कचेरीने आपल्या सेवकांचा जो सामुदायिक आरोग्यविमा उतरविलेला असतो, त्याचे संरक्षण बहुधा नोकरीबरोबरच संपते. ज्या वयात डॉक्टरांची गरज वाढावयाची, नेमके त्याच वयात हे घडते.

केंद्र सरकारच्या निवृत्त सेवकांना आणि माजी सैनिकांना स्वतंत्र आरोग्य योजना आहेत. सत्तरी पूर्ण केलेल्यांसाठी २९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान योजना खुली झाली. तीत उत्पन्नाची अट नसून, कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचा रुग्णालयाचा खर्च भागतो. परंतु साठाव्या वर्षी खाजगी नोकरीतून बाहेर पडणाऱ्यांनी मधली दहा वर्षे कशी काढावी? बडोद्यास आम्हां उभयतांपुढे हाच प्रश्न उभा राहिला.

निवृत्तीस तीन महिने असतानाच आम्ही चौकशीस आरंभ केला. सामुदायिक विम्यातून त्याच कंपनीच्या वैयक्तिक विम्यात जाण्याची सोय नियमांत आहे, आणि जुन्या विम्यात काढलेला काळ प्रतीक्षाकाळातून वजा होतो. नव्याने पॉलिसी घेणाऱ्यास आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. त्या दृष्टीने ही सवलत लहान नव्हे. मात्र जुने संरक्षण संपण्यापूर्वीच अर्ज करावयास हवा.

अर्जात आजारांचा रकाना होता. आम्हांपैकी एकीला आठ वर्षांपासून मधुमेह आहे. एजंट भला माणूस होता, पण म्हणाला, "काकू, साखरेचं कशाला लिहिता? उगाच हप्ता वाढेल." आम्ही लिहिले, आणि हप्ता खरोखरच वाढला. आपल्यापायी घरखर्चावर भार पडला, हे शल्य जिला होते तिला काही दिवस जेवण गोड लागले नाही. त्यावर आमच्या घरात ठरले ते असे की, आजार एकाचा असला तरी हप्ता दोघांचा आहे. शिवाय लपविलेला आजार डॉक्टरांच्या जुन्या कागदांतून उघड होतो, आणि मग दावा नाकारला जातो. वर्षानुवर्षे हप्ते भरून ऐन वेळी रिकाम्या हाताने परतावे लागले, तर वाचविलेले पैसे कोणत्या कामाचे?

दुसरा प्रश्न रकमेचा. मोठ्या रकमेची एकच पॉलिसी आमच्या आवाक्याबाहेर होती. म्हणून ३ लाखांची मूळ पॉलिसी घेऊन तिच्यावर पूरक विमा घ्यावयाचे ठरले. त्याचे दोन प्रकार आहेत, टॉप-अप आणि सुपर टॉप-अप. नावे सारखी असली तरी फरक मोठा आहे. समजा, पूरक विमा ३ लाखांनंतर सुरू होतो, आणि एका वर्षात दोन वेळा रुग्णालयात राहून प्रत्येकी २ लाख खर्च झाला. साधा टॉप-अप प्रत्येक बिल स्वतंत्र मोजतो. कोणतेही बिल ३ लाखांवर गेले नाही, म्हणून तो काहीच देत नाही. सुपर टॉप-अप वर्षाची बेरीज धरतो, आणि वरचा १ लाख देतो. उतारवयात रुग्णालयाची वारी एकदाच घडेल याचा भरवसा कोणी द्यावा? आम्ही दुसरा प्रकार निवडला.

पॉलिसी काय देते हे जाहिरातीत मोठ्या अक्षरांत असते. काय देत नाही, ते आपण शोधावे. वीस टक्के खर्च रुग्णाने सोसावा अशी अट असेल, तर २ लाखांच्या बिलात ४० हजार आपले. खोलीभाड्यास मर्यादा असेल आणि आपण महागडी खोली घेतली, तर डॉक्टरांच्या शुल्कासारख्या इतर रकमाही त्याच प्रमाणात कापल्या जाऊ शकतात. पॉलिसी हाती आल्यावर ती तपासून परत करण्यास ३० दिवसांची मुदत असते. त्या मुदतीत आम्ही दोघांनी ती रोज दोन पाने याप्रमाणे वाचून काढली. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्यावरील जीएसटी उठला आहे, तेवढाच हप्त्यास दिलासा.

उरला प्रश्न रोजच्या गोळ्यांचा. रुग्णालयातील औषधे आणि दाखल होण्याच्या मागच्या-पुढच्या ठराविक दिवसांतील औषधे पॉलिसीत येतात; परंतु रक्तदाबाची व मधुमेहाची महिन्याची औषधे बहुधा येत नाहीत. तो खर्च आपलाच समजून पेन्शन मिळताच बाजूला काढून ठेवावा, हे उत्तम. आम्ही डॉक्टरांस विचारून जनऔषधी केंद्रातील त्याच घटकांची औषधे घेऊ लागलो. ती नामांकित औषधांपेक्षा बहुधा निम्म्याहून कमी किमतीत मिळतात. डॉक्टरांस न विचारता मात्र गोळी बदलू नये.

वाचकहो, हे सारे कागद आम्ही एका पिशवीत ठेवून पिशवीची जागा मुलांस दाखविली आहे. वार्धक्यात मुलांवर भार होऊ नये असे म्हणतो आपण सारेच; त्याची तयारी मात्र नोकरी चालू असतानाच करावी लागते. आपल्या घरी यंदा कोणी निवृत्त होत असेल, तर त्यांच्या कचेरीत आजच एक प्रश्न विचारा : आमचा विमा कोणत्या तारखेस संपतो?