बरंवाईट म्हणजे नेमकं काय?

किशोरवयीन मुलांच्या मानसोपचार ओपीडीत आईवडील 'आत्महत्या' हा शब्द सहसा उच्चारत नाहीत. "डॉक्टर, हा जिवाचं काही बरंवाईट तर करून घेणार नाही ना?" असं विचारतात, तेही मुलाला बाहेर बसवून. मराठीतला हा शब्द मोठा मायाळू. भीती सांगतोही आणि झाकतोही. मुरलेले मानसोपचारतज्ज्ञ तो ऐकून घेतात, मग मुलाला आत आणि आईवडिलांना बाहेर बसवतात आणि तोच प्रश्न उघड विचारतात : "मरून जावं असं मनात येतं का?"

नवख्या निवासी डॉक्टरची जीभ इथेच अडखळते. नसलेला विचार आपणच मुलाच्या डोक्यात घातला तर? या भीतीची तपासणी न्यूयॉर्क राज्यात झाली आहे. मॅडेलिन गूल्ड आणि सहकाऱ्यांनी २३४२ शाळकरी मुलांपैकी एका गटाला आत्महत्येबद्दल प्रश्न विचारले, दुसऱ्याला विचारले नाहीत. २००५मध्ये निष्कर्ष आले : प्रश्नांमुळे कुणाची अस्वस्थता वाढली नाही. उलट, आधीच नैराश्यात असलेल्या मुलांना थोडं हलकं वाटलं असावं, असं दिसलं.

विचारायचं कसं, याला मात्र कसब लागतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत लिसा हॉरोविट्झ यांच्या गटाने २०१२मध्ये चार प्रश्नांची चाळणी तयार केली. जेमतेम वीस सेकंदांचं काम. त्यातला दुसरा प्रश्न असा, की 'आपण नसतो तर आपलं किंवा घरच्यांचं बरं झालं असतं, असं वाटलं का?' आपल्याकडच्या घरांत सर्वांत जास्त उघडणारा प्रश्न हाच. मरणाबद्दल 'नाही' म्हणून मान हलवणारं पोर इथे बोलू लागतं. माझ्या क्लासच्या फीपायी बाबांनी कर्ज काढलं. माझ्यामुळे आईला बोलणी खावी लागतात. थॉमस जॉयनर यांनी २००५मध्ये मांडलेल्या सिद्धान्तात आपण इतरांवर ओझं आहोत ही भावना मध्यवर्ती आहे; ओपीडीत तिला हिशेबाच्या वहीचं रूप येतं.

जोखमीच्या घटकांची यादी तशी पाठ असते : नैराश्य, व्यसन, शाळेतली छळवणूक, घरातला हिंसाचार, कुटुंबात झालेली आत्महत्या. सगळ्यांत वजनदार घटक म्हणजे आधी केलेला प्रयत्न. आणि नेमका तोच केसपेपरवर येत नाही. 'चुकून झालं होतं,' एवढंच सांगितलं जातं. यात घरच्यांना दोष देऊन भागत नाही. प्रयत्न करणं हाच कित्येक दशकं गुन्हा होता. मानसिक आरोग्य कायदा २०१७चा, लागू झाला मे २०१८मध्ये. प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरून तिला शिक्षा करू नये, असं त्याने सांगितलं. पण पोलिसांची धास्ती कायद्याच्या तारखेला संपत नाही. म्हणून हा प्रश्न पहिल्या भेटीत, तिसऱ्या भेटीत, आणि एकदा आजीलाही विचारावा लागतो.

तरीही यादीवर फार विसंबू नये. अ‍ॅलेक्स पोकॉर्नी यांनी १९८३मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतले ४८०० माजी सैनिक होते, सगळे मानसोपचार घेणारे. जोखमीचे घटक मोजून त्यांतले ८०३ जण धोक्यात मानले गेले. पुढे ६७ जणांनी आत्महत्या केली. त्यांतले ३० जणच त्या ८०३मध्ये होते. निम्म्याहून अधिक यादीबाहेरचे. हे प्रौढांचं झालं. किशोरवयात तर सकाळचं मन संध्याकाळी नसतं.

म्हणून अनुभवी डॉक्टर घटकांइतकंच वेळेवर लक्ष ठेवतात. झोप कधीपासून उडाली? निकाल कधी आहे? वॉर्डातून घरी सोडल्यानंतरचे पहिले आठवडे विशेष नाजूक, आणि घरच्यांना मात्र वाटत असतं, चला, सुटलो. गोळ्या सुरू केल्यावरचा काळही तसाच. २००४मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नैराश्यविरोधी औषधांवर चौकटीतला इशारा छापायला लावला : २४ चाचण्यांत औषध घेणाऱ्या सुमारे ४ टक्के मुलांमध्ये आत्महत्येचे विचार किंवा तसं वर्तन दिसलं, औषधाविना गोळी घेणाऱ्यांत २ टक्के. मृत्यू एकही नव्हता. यातून गोळ्या थांबवायच्या असा अर्थ काढणं चूक. सुरुवातीला भेटी जवळजवळ ठेवायच्या.

"हे आईला सांगणार का?" हा प्रश्न हमखास येतो. गुपित ठेवण्याचं वचन इथे देता येत नाही. काय सांगायचं, कुणी सांगायचं, हे मात्र दोघं मिळून ठरवतात.

मग कागद निघतो. बार्बरा स्टॅनली आणि ग्रेगरी ब्राउन यांनी रुजवलेली ही सुरक्षा योजना मुलाने स्वतःच्या शब्दांत लिहायची. वाईट वेळ येतेय हे कशावरून कळतं, तेव्हा काय करायचं, कुणाला फोन करायचा. घरातली औषधं आणि फवारणीचं सामान कुलपात ठेवायचं, हे वडिलांच्या वाट्याचं. तळाशी टेलिमानस या मदतवाहिनीचा क्रमांक, १४४१६, चोवीस तास चालणारा. एखादा मुलगा माणसांच्या रकान्यात मामेभावाचं नाव लिहितो, खोडतो, पुन्हा लिहितो. डॉक्टर काही बोलत नाहीत. त्याच्याच मोबाइलवरून तो नंबर लागतो का, तेवढं पाहून घेतात.