मोतीचे श्वास

रात्री साडेदहाचा सुमार झाला, की मी बाहेरच्या खोलीतला मोठा दिवा मालवतो, मनगटावरचे घड्याळ काढून हातात घेतो आणि जमिनीवर मांडी घालून बसतो. समोर जुन्या सतरंजीच्या घडीवर मोती झोपलेला असतो. त्याची छाती वर येऊन खाली गेली, की एक. पुन्हा वर येऊन खाली गेली, की दोन. सेकंदकाट्याची एक फेरी पुरी होईपर्यंत मी मोजत राहतो आणि आलेला आकडा एका वहीत तारीखवार लिहून ठेवतो. कारकुनाच्या हातून याहून थोर सेवा ती कोणती घडणार?

खरे सांगायचे, तर आम्ही गेलो होतो पिल्लू आणायला. आठ वर्षांच्या मुलीचा हट्ट होता. दिल्लीच्या एका टोकाला असलेल्या त्या प्राण्यांच्या आश्रमात पिल्लांच्या कठड्याभोवती माणसांची दाटी झाली होती. शेवटच्या पिंजऱ्यापाशी मात्र कोणीच नव्हते. आत एक पांढरा, विरळ केसांचा कुत्रा भिंतीकडे तोंड करून बसला होता. सगळे ज्याला 'पामेरियन' म्हणतात, पण ज्याचे खरे नाव इंडियन स्पिट्झ, त्या जातीचा. १९९४ सालच्या 'हम आपके हैं कौन' या चित्रपटातला टफी याच जातीचा होता. त्या टफीवर जीव टाकणाऱ्या पिढीतला मी. पण टफीही कधीतरी म्हातारा होणार, हे तेव्हा कुणाच्या मनात आले होते?

एका पहाटे कुणीतरी त्याला आश्रमाच्या फाटकाला बांधून गेले होते. गळ्यात पट्टा होता, पट्ट्यावर नाव नव्हते. असे जनावर टाकून देणे हा १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. पहिल्या खेपेस दंड किमान दहा रुपये आणि फार तर पन्नास, असे त्या कायद्याने ठरवले. नियमांच्या पुस्तकांत आयुष्य घालवणाऱ्या मला तो आकडा वाचून हसू आले आणि लगेच हसल्याची लाजही वाटली.

तिथला रखवालदार म्हणाला, "याला कुणी नेत नाही, साहेब. आणि नेलाच, तरी फार दिवस सांभाळावा लागणार नाही." लोकांना वाटते, की मी दयेपोटी त्याला घरी आणले. पण माझे मन वळवले ते रखवालदाराच्या दुसऱ्या वाक्याने. वर्ष-दीड वर्षाचाच तर प्रश्न, असा हिशोब मी उभ्या उभ्या केला होता. माझ्या औदार्याला मुदत होती.

नाव मोती ठेवले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असल्यामुळे ते अधिकच शोभले. दात आणि डोळे पाहून पशुवैद्यांनी वय अंदाजे बारा-तेरा सांगितले, मग छातीला नळी लावली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमध्ये एक झडप असते. लहान जातींच्या कुत्र्यांत उतारवयात ती जाड होते, नीट मिटत नाही आणि पुढे गेलेले रक्त थोडे थोडे मागे झिरपते. आमच्या सरकारी क्वार्टरमधल्या नळाचे वायसर झिजले म्हणजे जसे होते, तसेच काहीसे. नळाचे वायसर बदलता येते, एवढाच काय तो फरक. हळूहळू हृदय फुगते, फुप्फुसांत पाणी साठू लागते. म्हणून झोपेतले श्वास मोजायचे. मिनिटाला तीसच्या आत असले तर ठीक. त्यापुढे चढू लागले, तर उजाडण्याची वाट पाहायची नाही.

हृदयाला जोर देणारी एक गोळी आणि पाणी काढणारी एक, फ्युरोसेमाइड. दुसरी माणसांच्याच औषधांच्या दुकानात मिळते. चाळीस मिलिग्रॅमच्या गोळीचा चतकोर सकाळी, चतकोर संध्याकाळी. मीठ वर्ज्य. गोळीमुळे लघवी वारंवार होते, म्हणून रात्री दोन वाजता त्याला उचलून जिना उतरायचा. डिसेंबरच्या धुक्यात तो एकेका झाडाचा वास शांतपणे घेई आणि मी कानटोपीत कुडकुडत उभा राही.

एका रविवारी फोनवर हे सारे अण्णांना सांगत होतो. आई गेल्यापासून अण्णा वाईला एकटेच असतात. दिल्लीची थंडी सोसत नाही म्हणून इकडे येत नाहीत, आणि मलाही आग्रह करण्याची सवय राहिलेली नाही. गोळीचे नाव ऐकताच ते मोठ्याने हसले. "अरे, ही तर माझीच गोळी! म्हणजे तुझ्या मोतीला माझा चतकोर. मला रोज अख्खी लागते."

मीही हसलो. पण फोन ठेवल्यावर मला जागचे हलवेना. अण्णांच्या हृदयाचे दुखणे मला ठाऊक होते. दर महिन्याला पैसे वेळेवर जात होते. पण ते कोणती गोळी घेतात, किती घेतात, रात्री किती वेळा उठतात, यातले मला काही ठाऊक नव्हते. एका अनोळखी कुत्र्याच्या प्रत्येक रात्रीची नोंद मात्र माझ्याजवळ होती.

महाप्रस्थानिक पर्वात इंद्र रथ घेऊन येतो, तेव्हा धर्मराज कुत्र्याला सोडून स्वर्गात जायला नकार देतो. वाटेत द्रौपदी पडली, भाऊ पडले, तेव्हा तू थांबला नाहीस, मग आता हा मोह कसला, असे इंद्राने विचारल्यावर तो सांगतो, की ते मेल्यावर मी त्यांना सोडले, जिवंतपणी नव्हे. मला हे उत्तर देता आले नसते. आईवडिलांना टाकून देणाऱ्यांसाठी २००७ साली कायदा झाला. त्यात तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. मी त्या कायद्यात कुठेच बसत नाही. दीड हजार किलोमीटरांच्या अंतराबद्दल त्यात कलम नाही.

परक्याचे म्हातारपण सांभाळणे सोपे असते. त्याने आपल्याला कधी खांद्यावर घेतलेले नसते, फीसाठी सायकल विकलेली नसते; त्यामुळे जे करू ते सगळे उपकाराच्या खात्यात जमा. वडिलांपाशी ते खाते उघडताच येत नाही. म्हणूनच माणूस तिकडे फिरकायचे टाळतो की काय, कोण जाणे.

पुढच्या रविवारी बोलता बोलता अण्णा थांबले. धाप लागल्याचे मला ऐकू येत होते. सवयीने माझी नजर सेकंदकाट्याकडे गेली. पण फोनवरून श्वास मोजता येत नाहीत. त्यासाठी शेजारी बसावे लागते.

सोमवारी कचेरीत गेल्यावर पहिले काम केले ते रजेच्या अर्जाचे. वीस दिवसांची अर्जित रजा, कारण, घरगुती. मोतीची वही मुलीच्या हवाली केली आणि वाई गाठली. अण्णा म्हणाले, "इतकी रजा कशाला घालवलीस?" पण त्याच संध्याकाळी त्यांनी गोळ्यांचा डबा माझ्यापुढे सरकवला. त्यांच्या पानातले लोणचे मी उचलले, तेव्हा मात्र आमचे चांगलेच भांडण झाले.

रोज साडेदहाला दिल्लीहून मुलीचा फोन येई. पहिल्या रात्री तिने सांगितले, "चोवीस." मी तो आकडा अण्णांना सांगितला. त्यांनी समाधानाने मान हलवली, दिवा मालवायला सांगितले आणि काळोखात जरा वेळाने म्हणाले,

"माझे किती झाले, तेही लिहून ठेव."