पूलला अलार्म, टाकीला कुलूप!

वीकेंडला व्हिला बुक करताना आपण काय काय विचारतो? वाय-फाय आहे का, बार्बेक्यू मिळेल का, म्युझिक किती वाजेपर्यंत चालेल? आणि 'प्रायव्हेट पूल' आहे ना? त्या पूलला कुंपण आहे का, हे मात्र कोणी विचारत नाही. अलार्म तर लांबचीच गोष्ट. जुलै २०२२मध्ये लोणावळ्यात भाड्याच्या व्हिलातल्या पूलमध्ये दोन वर्षांचा मुलगा बुडून गेला. दोन दिवस हळहळ झाली, मग विषय संपला.

फ्रान्समध्ये तो संपला नाही. तिथं ३ जानेवारी २००३ला कायदाच झाला. जमिनीत बांधलेल्या खासगी पूलला कुंपण, अलार्म, कव्हर किंवा वरून बंद होणारं छप्पर, यातलं एक तरी हवंच. नव्या पूलना २००४पासून, जुन्यांना २००६पासून. नाही केलं तर ४५ हजार युरोपर्यंत दंड! कॅलिफोर्नियात २०१८पासून घरच्या नव्या पूलसाठी सातपैकी दोन उपाय सक्तीचे आहेत.

अलार्मचा फंडा तसा सोपा. पूलच्या काठावर यंत्र बसवायचं. पाण्यात काही पडलं की लाट उठते, यंत्र ती ओळखतं आणि भोंगा वाजतो. दुसरा प्रकार दारावरचा. पूलकडे जाणारं दार उघडलं की लगेच आवाज. पण गंमत बघा, पहिला अलार्म वाजतो तेव्हा मूल ऑलरेडी पाण्यात असतं. म्हणून पहिला नंबर चारही बाजूंच्या कुंपणाचा आणि आपोआप बंद होणाऱ्या फाटकाचा. अलार्म त्याच्या जोडीला, त्याच्याऐवजी नाही.

हे सगळं ज्ञान मी कुपवाडला ताईकडे गेले तेव्हा तिला ऐकवलं. दाजी एमआयडीसीत शिफ्टला गेलेले. ताई भाजी निवडता निवडता म्हणाली, "अगं, आमच्याकडं कुठला आलाय स्विमिंग पूल? इथं पाणी आलं की टाकी भरायची घाई."

टाकी! माझी ट्यूब पेटली. अंगणात जमिनीतली टाकी, वर नुसतं ठेवलेलं पत्र्याचं झाकण. पाणी आलं की झाकण बाजूला, पाइप आत आणि सगळे आपापल्या कामाला. माझा भाचा अडीच वर्षांचा. पाइप दिसला की हा पळत सुटतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१मध्ये जगात सुमारे ३ लाख माणसं बुडून गेली. त्यातला जवळपास चौथा हिस्सा पाच वर्षांखालच्या मुलांचा. नव्वद टक्क्यांहून जास्त मृत्यू गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतले. म्हणजे प्रश्न फक्त निळ्या टाइल्सच्या पूलचा नाहीच. तो विहिरीचा, हौदाचा, ओढ्याचा आहे. आणि आमच्या सांगलीकडच्या शेततळ्यांचाही. त्यातल्या प्लास्टिकच्या कागदावर मोठ्या माणसाचाही पाय ठरत नाही.

शिवाय सिनेमातल्यासारखं मूल 'वाचवा' म्हणून ओरडत नाही. श्वास घ्यायलाच धड जमत नाही, तर हाक कुठून मारणार? सगळं गुपचूप होतं आणि काही मिनिटांतच मेंदूला इजा होऊ लागते.

बांगलादेशाने यावर झकास उपाय काढला. सकाळी मोठी माणसं कामात असतात, तेव्हा लहान मुलांना गावातल्याच पाळणाघरात सांभाळायचं. त्या पाळणाघरांचं नाव 'आंचल', म्हणजे आपला पदर. माणसाची नजर हाच खरा अलार्म, असंच ते सांगतात ना?

दुसऱ्या दिवशी आम्ही वेल्डरला बोलावलं. झाकणाला बिजागरी आणि कडी लागली, झाकणाखाली लोखंडी जाळी बसली. पाइप आता जाळीतूनच आत जातो. अंगणाच्या दाराला काही शे रुपयांचा सेन्सर लावला, दार उघडलं की टॅंव टॅंव. आणि नियम ठरला: झाकण उघडं असेपर्यंत एकानं तिथंच थांबायचं, मोबाइल घरात ठेवून.

"रोज उठून कुलूप काढत बसायचं का?" ताईच्या सासूबाईंनी विचारलं.

"काढीन की मी," ताई म्हणाली आणि किल्ली मंगळसूत्राशेजारी साखळीत अडकवली.

तुमच्या घरी पूल नसेलच. टाकी आहे?